गणपूर्तीच्या बाहुल्या

वाळत घातलेल्या कपड्यांवरून घरातली माणसं मोजावीत, असा ठराव इमारतीच्या कार्यकारिणीने मंजूर केला, तेव्हा त्यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही. माणसं खोटं बोलतात. घरात भाडेकरू ठेवतात आणि विचारलं की पाहुणे आलेत म्हणून सांगतात. कपड्यांना ते जमत नाही. एका घरात पाचापेक्षा जास्त माणसं राहिली तर त्या घराला वसतिगृह समजण्यात येईल, हा नियम आधीपासून होताच. मोजायची सोय तेवढी नव्हती. आता रखवालदार रोज सकाळी आवारात उभा राहून मान वर करायचा आणि दोऱ्यांवरचे कपडे मोजायचा. त्याची मान आखडली तेव्हा त्याला एक आरामखुर्चीही मंजूर झाली.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात नवरा-बायको असे दोघंच राहतात अशी नोंद होती. तिथल्या दोरीवर त्याला एका सकाळी एक मखमली झगा, परिचारिकेचा गणवेश, वैमानिकाचा गणवेश, फरचा कोट, ओळीने स्कर्ट आणि लग्नातला पांढराशुभ्र पायघोळ पोशाख दिसला. सगळं वीतभर. त्याने इमारतीच्या कचेरीत जाऊन सांगितलं, "बायका बऱ्याच आहेत. मापाने लहान आहेत, पण नोकरी करणाऱ्या आहेत."

ते घर बाहुलीकाकांचं. काकांची सगळी नोकरी परवान्यांच्या कचेरीत गेली. अर्जावरचा फोटो आणि खिडकीसमोरचा चेहरा एकच आहे की नाही, एवढंच बघायचं काम. निवृत्त झाल्यावर बघायला चेहरेच उरले नाहीत, तेव्हा त्यांचा जीव कासावीस व्हायला लागला. अशातच भंगारवाल्याच्या गाडीवर त्यांना एक फॅशनची बाहुली दिसली. लांब पायांची, अर्धं डोकं कातरलेली, तोंडभर जांभळी शाई. काकांनी ती घरी आणली, नेलपेंट पुसायच्या पाण्याने तिचा चेहरा कोरा केला, बारीक कुंचल्याने नवे डोळे काढले, टकलावर सुईने एकेक केस ओवला आणि ते केस स्ट्रॉला गुंडाळून गरम पाण्यात बुडवले. दुसऱ्या दिवशी ती कुरळ्या केसांची, जरा घुश्श्यातली एक बाई झाली. काकूंनी तिला आपल्या जुन्या छत्रीच्या कापडाचा रेनकोट शिवला. काकांना कित्येक महिन्यांनी भूक लागली.

मग ते वाढतच गेलं. काकांच्या टायचे झगे झाले, मोज्यांचे स्वेटर झाले, आतली खोली फळ्यांनी भरली. इमारतीतली शहाणी माणसं जिन्यात त्यांना पाहून हसायची, आणि आपल्या मुलीच्या बाहुलीचं मुंडकं निखळलं की त्यांच्याचकडे यायची.

रखवालदाराची खबर आल्यावर सचिव स्वतः चौकशीला आले. सचिव तसे मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांना नियम पाठ होते, आणि पाठ असलेली गोष्ट कोणाला तरी म्हणून दाखवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी फळ्यांवर नजर फिरवली.

"या बाहुल्या आहेत," काका म्हणाले.

"ते दिसतंय मला. पण मला काय दिसतं त्यावर इमारत चालत नाही. नोंदवहीत तुमच्या घरात चाळीस माणसं चढलीत."

"मग उतरवा की."

"उतरवायच्या दोनच वाटा आहेत. माणूस घर सोडून जातो, नाहीतर जग सोडून जातो. पहिल्यासाठी नवा पत्ता लागतो, दुसऱ्यासाठी दाखला."

"अहो सचिवसाहेब, पण त्या जिवंतच नाहीत," काकू म्हणाल्या.

"मग दाखला मिळायला काय अडचण आहे?"

समोरच्या घरात दातांचे डॉक्टर राहायचे. काकू एक बाहुली घेऊन त्यांच्याकडे गेल्या. डॉक्टरांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. "काकू, दात उत्तम आहेत हिचे," ते म्हणाले. "किडका एक नाही. अशा बाईला मेलेली म्हणून लिहून दिलं तर माझ्याकडे कोण येईल?"

शेवटी सचिवांनीच तोडगा काढला. सर्व बाहुल्यांची 'कायम सह-रहिवासी' म्हणून नोंद करायची, आणि ज्यांची उंची एका फुटाच्या आत आहे त्यांना गर्दीच्या नियमातून सूट द्यायची. प्रत्येकीचा एक फोटो तेवढा हवा. काकांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी प्रत्येकीला खिडकीच्या उजेडात उभं करून, हनुवटी किंचित वर करून, दोन्ही कान दिसतील असे फोटो काढले. इतके नियमात बसणारे फोटो त्यांनी साऱ्या नोकरीत पाहिले नव्हते.

गोष्ट इथेच संपायची. पण इमारतीची सर्वसाधारण सभा कधीच पुरी होत नसे. गणपूर्तीला निम्मे रहिवासी लागत, आणि प्रत्यक्षात सचिव, पेंगणारे अध्यक्ष आणि गळक्या नळाची तक्रार घेऊन येणारे एक आजोबा, एवढेच येत. सभा तहकूब व्हायची आणि सचिवांचे ठराव कपाटात पडून राहायचे. त्या महिन्यात ते नेहमीप्रमाणे रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले असताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सह-रहिवासी हेही रहिवासीच.

पुढच्या सभेला बाहुल्या आल्या. काकांनी हौसेने सगळ्यांचे सभेला शोभतील असे पोशाख शिवले होते. राखाडी कोट, सरळ स्कर्ट, केस मागे बांधलेले. प्रत्येक खुर्चीत एक उशी, उशीवर एक बाहुली. सभागृह भरलेलं पाहून अध्यक्ष दचकून जागे झाले आणि चक्क भाषण करायला उठले. कोणी मध्ये बोललं नाही, फोन वाजला नाही, चहा संपायच्या आत कोणी घरी गेलं नाही.

"विरोध असेल त्यांनी हात वर करावा," सचिव प्रत्येक ठरावाला म्हणायचे. "न करणाऱ्यांची संमती आहे असं धरण्यात येईल." कोणी हात वर करत नव्हतं. बागेतली घसरगुंडी काढून तिथे सूचनाफलक लावायचा ठराव झाला. सूचनाफलकाशी खेळू नये अशी सूचना त्यावर लावायचाही झाला. नळवाल्या आजोबांनी हात वर केला, पण एवढ्या सभ्य बायकांसमोर आपणच तेवढे कटकटे दिसतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी त्याच हाताने डोकं खाजवलं.

सभा इतकी छान झाल्याची बातमी इमारतभर पसरली आणि लोकांना हेवा वाटला. दातांचे डॉक्टर एका रविवारी काकांकडे आले. "काका, माझी एक करून द्याल का? म्हणजे माझ्यासारखी. सभेला मी येणारच असतो हो, पण वेळ कुठे मिळतो? ती बसेल माझ्या जागी."

काकांनी डॉक्टरांचा चेहरा निरखला. मग एका सोनेरी केसांच्या बाहुलीचे केस काढले, कानांवर चार करडे ठेवले, भुवया जाड केल्या, आणि काकूंनी छोटा पांढरा कोट शिवला. ती बघून डॉक्टरांची बायको म्हणाली, "ही जास्त बरी दिसते. ऐकून तरी घेईल."

मग घराघरातून मागणी आली. नृत्यशिक्षिकेची झाली, दोन वकिलांची झाली, नळवाल्या आजोबांचीही झाली. काकांना दुपारची झोप उरली नाही आणि ती नको होतीही. जिन्यात आता त्यांना कोणी हसत नव्हतं. "काका, जरा बारीक दाखवा हं मला," एवढंच लोक सांगायचे. इतकी वर्षं नुसते चेहरे तपासले, आता ते घडवायला मिळतात, याचं त्यांना मनापासून सुख होतं. सभेला यायला आता माणूस असा उरला नव्हता. काकासुद्धा घरी बसून पुढच्या पोशाखांची कापडं कातरत.

एके दिवशी सचिव पुन्हा तिसऱ्या मजल्यावर आले. काका नेमकी आपली पहिली बाहुली, ती घुश्श्यातली, मांडीवर घेऊन तिचे कुरळे केस सरळ करत होते.

"हे काय चाललंय?" सचिवांनी विचारलं.

"कंटाळली होती. वेगळं काहीतरी करून बघतोय."

"काका, तुम्ही परवान्यांच्या कचेरीत होतात. नोंदीतल्या फोटोत केस कुरळे आहेत. उद्या सभेला ही सरळ केसांची आली तर ही तीच हे मी कशावरून मानू?"

हा प्रश्न काकांनी स्वतः हजारो लोकांना विचारला होता. सचिव पुढे म्हणाले, की आता या बाहुल्या काही खासगी शौकाच्या राहिल्या नाहीत. त्यांच्यावाचून इमारतीचा कारभार चालत नाही. तेव्हा सर्व सह-रहिवाशांना इमारतीच्या कचेरीतल्या काचेच्या कपाटात, कुलपात ठेवावं आणि त्यांचे केस, चेहरा अथवा पोशाख कोणीही बदलू नये, असा ठराव पुढच्या सभेत येणार आहे. काकांना भेटीची वेळ अर्थातच देण्यात येईल.

सचिव गेल्यावर काकांनी कंगवा खाली ठेवला.

"अगं, मग मी काय करू दिवसभर?" त्यांनी विचारलं. काकूंना नवऱ्याची निवृत्तीनंतरची ती सहा महिन्यांची शून्य नजर आठवली आणि त्यांना रडू आलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि चपला घातल्या.

"उठा. माणसांना बोलवू. त्यांचेच हात आहेत, ते वर करतील."

दोघं घरोघर गेले. आणि काय सांगावं, सगळीकडे माणुसकी भरून वाहत होती. नृत्यशिक्षिका म्हणाली, हा शुद्ध अन्याय आहे. दोन्ही वकील म्हणाले, हे कायद्यात बसतच नाही. नळवाले आजोबा तर आधीपासूनच चिडलेले होते. डॉक्टरांनी काकांचा हात हातात घेतला. "काका, काही काळजी करू नका. मी स्वतः येतो. दवाखाना बंद ठेवून येतो."

आणि सगळे आले. सभागृहात माणसं आणि बाहुल्या दोन्ही मिळून इतकी गर्दी झाली की खुर्च्या पुरेनात. मग प्रत्येकाने आपापली बाहुली उचलून मांडीवर घेतली. एका हाताने ती धरली, दुसऱ्या हातात चहाचा कप आला. काकांना भरून आलं. त्यांनी काकूंकडे बघून मान हलवली.

सचिवांनी ठराव वाचला. मग चष्म्यावरून सभागृहाकडे बघत म्हणाले, "विरोध असेल त्यांनी हात वर करावा."

काकांचा हात वर गेला. काकूंचा गेला. नृत्यशिक्षिका वकिलांकडे बघत होती. वकील एकमेकांकडे बघत होते. आजोबांच्या नळाचं काम त्याच आठवड्यात व्हायचं होतं, ते बिस्किट चहात बुडवत राहिले. डॉक्टरांनी कप ठेवायला जागा शोधली, ती सापडली नाही, आणि ते पुन्हा नीट बसले.

"डॉक्टर," काकू मागून हळूच म्हणाल्या.

"हो हो, आधी कोणीतरी करू दे ना. आपणच पुढे पुढे केलेलं बरं दिसत नाही."

काकू वाकल्या आणि त्यांनी डॉक्टरांच्या मांडीवरच्या बाहुलीचा हात खांद्यातून फिरवून सरळ वर केला. छोटा पांढरा कोट, करडे केस आणि ताठ वर गेलेला हात. सचिवांची नजर तिकडे वळली. डॉक्टर लालबुंद झाले. त्यांनी कप दोन गुडघ्यांत धरला आणि मोकळ्या झालेल्या हाताने बाहुलीचा हात खाली केला.

"काकू, प्लीज. माझं मत मला देऊ द्या."

ठराव बहुमताने मंजूर झाला. सांडलेला चहा पुसून झाल्यावर सगळ्यांनी आपापल्या बाहुल्या शिस्तीत काचेच्या कपाटात नेऊन ठेवल्या. काकांच्या फळीवरच्या बायकाही एकेक करून आत गेल्या. घुश्श्यातली सगळ्यात शेवटी, अर्धे केस सरळ आणि अर्धे कुरळे, कारण आता त्यांना हात लावायला मनाई होती. कुलूप लागलं. जिन्यात प्रत्येकाने काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि फार वाईट झालं असं सांगितलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचता पोचता काकांची पाठ दुखायला लागली.

तुम्हालाही वाईट वाटलं असेल. डॉक्टरांचा रागसुद्धा आला असेल. आपण तिथे असतो तर नक्की काहीतरी केलं असतं, असंही मनात येऊन गेलं असेल. सचिवांनी सभागृहाकडे बघून विचारलं होतं, तेव्हा तुम्हीही हे वाचतच होतात. तेव्हा तुमचा हात कुठे होता?