रेणूंची संमती

डॉ. ग्लिनिस डिसोझा यांनी मालवणच्या कॉलेजातून जिल्हा प्रयोग-परवानगी कक्षाकडे एक साधा अर्ज केला. विषय : लेझरच्या साहाय्याने रेणूंची टक्कर अभ्यासण्यास परवानगी मिळणेबाबत. पुण्याच्या एका संस्थेने लेझर महिन्याभरासाठी उसना दिला होता. निर्वात पेटीत दोन वायूंचे झोत समोरासमोर सोडायचे आणि रेणू आपटले की तुकडे कुठल्या दिशेला उडतात ते लेझरच्या प्रकाशात टिपायचं, एवढाच मामला. या एका महिन्यासाठी ग्लिनिस दहा वर्षं थांबली होती. प्रयोग करीन तर मालवणातच, असा तिचा हट्ट होता.

कक्षाचे वरिष्ठ लिपिक बाबली परब यांनी अर्ज दोनदा वाचला आणि तिला बोलावून घेतलं. खुर्चीत बसल्यावर शुद्ध मराठीच बोलायचं, असा त्यांचा दंडक होता.

"मॅडम, ह्या रेणू कोण?"

"कोण नाही हो, काय. पदार्थाचे रेणू."

"पदार्थ करतात? म्हणजे खानावळ आहे." बाबलींनी नोंद केली. "आणि वयानेही मोठ्या दिसतात. आपण 'रेणूची' न लिहिता आदराने 'रेणूंची' लिहिलंय."

"ते अनेकवचन आहे!"

"म्हणजे एकापेक्षा जास्त बायका?" बाबलींच्या तोंडचं पाणी पळालं आणि दंडकही पळाला. "आणि तेंचे तुकडे खंय उडतत ता तू बघतलंस? अगो, तू वॉल्टर मास्तरांचा चेडू मा गो? तुझो बापूस असो नव्हतो!"

ग्लिनिसने टेबलावरचा पाण्याचा ग्लास पुढे केला. "बाबलीकाका, हे बघा. ह्या पाण्यातसुद्धा रेणू आहेत. अब्जावधी. आता ह्या क्षणी एकमेकांवर आपटतायत."

बाबलींनी दोन साक्षीदारांसमक्ष पंचनामा करून ग्लास सीलबंद केला आणि कपाटात ठेवला. त्या दिवशी कचेरीत कोणी पाणी प्यायलं नाही.

फाइल कक्षप्रमुख शर्मिष्ठा सावंत यांच्याकडे गेली. शर्मिष्ठाबाई हसल्या, तेव्हा ग्लिनिसच्या जिवात जीव आला.

"रेणू म्हणजे काय ते मला कळतं हो. बीएस्सी आहे मी."

"मग सही करा ना, मॅडम!"

"फाइलवर त्या बाई झाल्यात. आता त्या बाई नाहीत असं मी लिहिलं, तर उद्या वरून विचारतील, बाई गेल्या कुठे? त्यापेक्षा तुम्ही त्यांचं संमतिपत्र जोडा."

लेझर परत जायला आठ दिवस राहिले होते. ग्लिनिसने लाजलज्जा गुंडाळून ठेवली आणि वालावलहून रेणू नाईक नावाची एक खरीखुरी बाई शोधून आणली. रेणूबाईंनी संमतिपत्रावर झोकात सही केली आणि विचारलं, "माझी काय हरकत नाय. पण टक्कर कोणावांगडा?"

त्यांना धडधाकट पाहून बाबली हमसून हमसून रडले. "जिती आसा! बाय माझी जिती आसा!"

शेरा पडला : 'सदर महिला घटनेपूर्वीच सुखरूप आढळून आल्याने प्रयोगाचे प्रयोजन उरत नाही. परवानगी नाकारण्यात येत आहे.' वेळीच प्राण वाचवल्याबद्दल बाबलींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. फोटोत रेणूबाई मधोमध उभ्या होत्या आणि त्यांना ते फार आवडलं.

लेझर न उघडलेल्या खोक्यातूनच पुण्याला परत निघाला. टेम्पो फोंडाघाट चढून गेल्याचा फोन आला, तेव्हा ग्लिनिस प्रयोगशाळेचं दार लावून पोटभर रडली. डोळे पुसून मोबाइल उघडला, तर सख्ख्या मावशीचा, फ्रान्सिस्काचा, मेसेज : 'मालवणात लेझरने बायकांचे तुकडे करणारी डॉक्टरीण! रेणू थोडक्यात वाचली! जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा!'

तोच मेसेज तुम्हालाही आला होता. तुम्ही खाली 'अशांना फाशीच द्या' एवढं जोडून तो अकरा जणांना पुढे पाठवलात. शाळेत असताना रेणूची व्याख्या तुम्हाला दोन मार्कांना आली होती आणि तुम्हाला दोन्ही मार्क मिळाले होते.