पाच ते सहा

आसानालींनी मरणापूर्वी एकच गोष्ट मागितली, आणि नेमकी तीच त्यांच्या मुलाकडे नव्हती.

"एक गाणं म्हण," ते म्हणाले. "गिटार वाजवत, स्वतःच्या तोंडाने. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यामागे टुणटुण करतोयस. तुझा आवाज कसा आहे, मला माहीतच नाही."

"अता, माझा आवाज तुम्ही रोज ऐकता," कुबात म्हणाला. त्यांच्याकडे बापाला अता म्हणतात.

"काय?" आसानालींनी विचारलं.

आसानालींनी चाळीस वर्षं इसिक-कुलच्या तळ्यावर मालाच्या होडीवर काम केलं होतं. होडीवरून मारलेली त्यांची हाक बालिक्चीच्या धक्क्यावर तीनशे मीटरवर स्पष्ट ऐकू यायची. कुबात हवामान केंद्रात वारा मोजायचा आणि उपकरणांची झोपमोड होऊ नये अशा बेताने बोलायचा. मात्र गिटार अशी वाजवायचा, की त्याच्याशिवाय गावात एकही बैठक व्हायची नाही. बैठकीत घोडीच्या दुधाचा वाडगा हातोहात फिरतो आणि ज्याच्या हाती येईल त्याला गावंच लागतं, तिथे सबब चालत नाही. कुबातला सतराव्या वर्षीच शोध लागला होता, की ज्याचे दोन्ही हात गिटारवर आहेत त्याच्या हाती वाडगा देता येत नाही. या शोधावर त्याने एकोणतीस वर्षं काढली.

डॉक्टर म्हणाले होते, "एखादा महिना. थोडा कमी, थोडा जास्त." मोजमापात चूक किती असू शकते याचा हिशेब करण्यात कुबातची हयात गेली होती. ते 'थोडा कमी' त्याला बरोबर कळलं.

तो झेनेप एजेकडे, म्हणजे झेनेपताईकडे, गेला. एजेने तीस वर्षं शाळेतल्या मुलांकडून समूहगान बसवून घेतलं होतं आणि त्यापायी तिच्या मनात कुणाबद्दल दयामाया उरली नव्हती. तिने त्याच्या दोन ओळी ऐकल्या आणि हात वर केला.

"कुबात, तू गात नाहीयेस. तू माफी मागतोयस."

"मग काय करू, एजे?"

"गाणं सोड. आठवडाभर नुसती हाक मार. पोटातून. लहानपणी धक्क्यावर उभा राहून बापाला बोलवायचास ना? तो लांब होडीवर, तू इकडे. तशी. रोज दोन तास. आणि फोन घरी ठेवायचा, मध्येच बघत बसशील."

सरावाला कुबातने इमारतीमागचं स्वतःचं गॅरेज निवडलं. चहूबाजूंनी लोखंडी पत्रा, जड दार. आतला आवाज आतच राहील असं त्याला वाटलं. गिटारच्या पोकळीमुळे तारेचा आवाज मोठा कसा होतो, हे त्याने कुणालाही आकृती काढून समजावलं असतं. पण आपण स्वतःच सहा मीटर लांबीच्या पोकळीत उभे आहोत, वर धुराड्याचं भोक आहे, आणि पश्चिमेचा वारा सेकंदाला अकरा मीटर वेगाने गॅरेजकडून इमारतीकडे वाहतोय, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. वाऱ्याची ती नोंद त्याच सकाळी त्यानेच केली होती.

दुपारी दोन वाजता त्याने वडिलांना औषध दिलं, ते झोपल्याची खात्री केली, बाहेरून कुलूप लावलं आणि गॅरेजमध्ये जाऊन हाक मारली.

"अताऽऽऽ!"

तळमजल्यावर राहणारा, पूर्वी बस चालवणारा शारशे अंगणातल्या बाकावर डॉमिनो खेळत होता. त्याचा हात हवेतच थांबला. मागोमाग दुसरी हाक आली. पहिल्या मजल्यावरून बेगाइमने डोकं बाहेर काढलं.

"ऐकलंत का हो?"

"ऐकलं. गेले वाटतं म्हातारे."

"पण तो गॅरेजमध्ये का रडतोय?"

"शिकलेला माणूस. चारचौघांत रडायची लाज वाटत असेल. रडू दे त्याला. तिकडे कुणी जाऊ नका."

"मी वर बघून येते." बेगाइम दुसऱ्या मजल्यावर जाऊन आली. "दाराला कुलूप आहे. दोनदा ठोठावलं. काही उत्तर नाही."

"उत्तर कसं येणार?" शारशे म्हणाला, आणि दोघांनी डोळे पुसले.

मयताच्या घरी कुणी जाऊन काय झालं असं विचारत नाही. लांबूनच मोठ्याने रडत जायचं असतं; रडता रडता माणूस दारापर्यंत पोचतो आणि पुढच्या कामाला लागतो. शारशेने तेच केलं. अर्ध्या तासात अंगणात चौदा पुरुष जमले. तळघरातून इमारतीचा सामायिक, जाड लोकरी नमद्याचा गोल तंबू बाहेर आला. मयताला घरात ठेवून कसं चालेल? सांगाडा उभा राहिला, नमदे चढले, दोऱ्या आवळल्या गेल्या, आणि जो जो नवा माणूस यायचा तो कोपऱ्यावरूनच "अताऽऽ" करत यायचा. हे सगळं कुबातला ऐकू येण्याचं कारण नव्हतं. वारा उलट दिशेचा होता, शिवाय तो स्वतःच ओरडत होता.

त्याची बायको बुरुल टपाल कचेरीत होती. अशी बातमी फोनवर द्यायची नसते, म्हणून दोघी शेजारणी तिला आणायला गेल्या.

"बुरुल, चल लवकर. तुमच्या घरातून गॅसचा वास येतोय."

"आमच्याकडे गॅस नाही. विजेची शेगडी आहे."

"मग विजेचा वास येतोय. चल तू."

बुरुलच्या भावाला मात्र कुणीतरी थेट कळवलं. तो कोच्कोर गावाहून मालमोटारीत एक घोडी चढवून निघाला, कारण मयताच्या जेवणाला घोडी कापतात आणि शेदोनशे माणसं जेवायला असणार.

चार वाजता कुबात थांबला. घसा तापला होता, पण दुखत नव्हता. शेवटच्या दहा-बारा हाका त्याला स्वतःलाच आवडल्या होत्या. आजच गायचं, त्याने ठरवलं. अता उठले असतील. सवयीने सोबत आणलेली गिटार खांद्याला लावून तो इमारतीच्या कोपऱ्यावरून वळला आणि त्याला तंबू दिसला. तंबूपाशी पुरुषांची रांग दिसली. सगळे त्याच्याच वडिलांना हाका मारत होते.

त्याने गिटार जपून भिंतीला टेकवली. दोन तास आपण साठ मीटरवर होतो, त्याच्या मनात आलं. दोन तास. मग त्याच्या आतून आवाज निघाला. तो कुठून आला ते झेनेप एजेने नक्की सांगितलं असतं. रांगेतले लोक तासभर रडत होते, तेही ऐकायला थांबले.

"हा कुबात आहे?" कुणीतरी हळूच विचारलं.

"कुबातच," शारशे म्हणाला आणि त्याने कुबातला मिठी मारली. "रड बाबा, रड. मोकळा हो."

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"कोण गेलं रे?" आसानालींनी विचारलं. फुप्फुसं निम्मी उरली होती, तरी प्रश्न अंगणाच्या टोकापर्यंत पोचला.

कुबातचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शेवटी वयाच्या मानाने शारशेलाच पुढे व्हावं लागलं.

"अजून कुणी नाही, बाइके," तो थोरल्या भावाशी बोलावं तसा म्हणाला.

"मग तंबू कुणाचा?"

"तुमचाच," शारशे म्हणाला. तो खोटं बोलायचा नाही. "पण घाई नाही."

आसानालींनी तंबू नीट पाहून घेतला. "दार वाऱ्याच्या तोंडाला ठेवलंत. फिरवा ते. आत बसलेल्यांचे हाल होतील."

तेवढ्यात कोपऱ्यावरून मालमोटार आली आणि तिच्यातून मेव्हणा धाय मोकलून रडत उतरला. त्याला गप्प करायला पाच मिनिटं लागली. मग त्याने खिडकीकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं आणि फार अवघडून विचारलं, "हिला परत नेऊ?"

"एवढ्या लांबून आणलीस," आसानाली म्हणाले. "जवळपासच कुठेतरी बांध."

बुरुल आली ती आधी शेगडी बघायला वर धावली. सासरे खिडकीशी उभे दिसताच तिने त्यांना हवा लागेल म्हणून रागे भरलं आणि मग दारात बसून रडली. ज्याची खोटी बातमी उठते त्याचं आयुष्य वाढतं, असं त्या संध्याकाळी प्रत्येकाने एकदा तरी म्हटलं. डॉक्टर तेवढे काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंगणात सभा भरली. कुबात माफी मागू लागला, पण लोकांनी ऐकून घेतलं नाही. सराव बंद करायचा नाही, फक्त वेळ ठरवायची, म्हणजे पुन्हा घोटाळा नको, असं ठरलं. बेगाइमने जाड अक्षरांत कागद लिहून जिन्याच्या दाराला चिकटवला: 'कुबातचा सराव, रोज पाच ते सहा. कुणीही गेलेलं नाही.'

कुबात आता अंगणातच उभा राहून हाका मारायचा आणि मग गाणं म्हणायचा. वर खिडकी उघडी असायची. सगळ्या इमारतीला पाच ते सहाची सवय झाली. "आज वरचा सूर डुगडुगला बघ," डॉमिनोवरून कुणी म्हणायचं. "थंडी आहे. कालचा बरा होता." बायका बाल्कनीत चहा घेऊन बसायच्या. कुबातचे कान लाल व्हायचे आणि कुणी निरखून बघतंय असं वाटलं की त्याचा आवाज ओळीच्या मध्येच विरायचा, पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा यायचा.

नवव्या संध्याकाळी तो अंगणात गेला नाही. वडिलांच्या खाटेशी स्टुलावर बसला, गिटार लावली आणि पूर्ण गाणं म्हटलं. दोन ठिकाणी आवाज फाटला, एके ठिकाणी शब्द विसरला. आसानाली डोळे मिटून पडले होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"गिटार चांगली वाजली."

कुबातने मान हलवली आणि गिटार पिशवीत घालू लागला. चेन अर्ध्यावर आली तेव्हा खाटेवरून आवाज आला, "उद्या परत म्हण."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला, तो तारा जुळवत असताना, आसानाली गेले. बुरुलने त्यांचा हात धरला होता. तिने कुबातकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. तिने त्यांचे डोळे मिटले. कुबातने गिटार खाली ठेवली, कमरेला पट्टा बांधला, जिना उतरला आणि मयताच्या मुलाने उभं राहून रडायची रीत असते तसा दाराबाहेर भिंतीशी उभा राहिला.

"अताऽऽऽ!"

"आला," बाकावर कुणीतरी म्हणालं. "आज उशीर केला."

दुसरी हाक आली तसे डॉमिनो खेळणारे गप्प झाले. बेगाइम चहाचा वाडगा घेऊन बाल्कनीत आली.

"अगंबाई! आज लागला हो आवाज!"

"शाब्बास रे कुबात!" शारशे ओरडला. "अस्सा! पोटातून!"

तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यात आणखी दोघं मिसळले. कुबातला सगळं ऐकू येत होतं. एका माणसाने बघितलं तरी ज्याचा आवाज विरायचा, तो चाळीस माणसांसमोर उभा होता आणि त्याचा आवाज विरत नव्हता. थांबून त्यांना सांगता आलं असतं. पण ही वेळ वडिलांची होती, तिच्यातला एक श्वासही त्याला दुसरीकडे खर्च करायचा नव्हता. त्याने पुन्हा हाक मारली.

"अजून एकदा!" वरून कुणीतरी म्हणालं.

सहा वाजले. हाका थांबल्या नाहीत. शारशेने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, ते कानाला लावलं, मग दुसऱ्या मजल्यावर पाहिलं. खिडकी बंद होती. त्याने हातातली सोंगटी पालथी ठेवली आणि उठला. बाकापासून दारापर्यंत वीस पावलं होती, पहिल्या पावलापासून रडत जायला हवं होतं. गावातल्या प्रत्येक मयताला त्याचाच आवाज सगळ्यात आधी लागायचा. त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या घशातून काही निघेना. तो तसाच, मुकाट, कुबातच्या शेजारी भिंतीशी जाऊन उभा राहिला.