स्वतःच्या हातानं केलेलं टेबल

माझ्या हातात कला आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त ती नेमकी कुठली, हे बेचाळीस वर्षं कळत नव्हतं. ते कळलं साडूच्या घरी, जेवायला बसल्यावर.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. अपघातात ठोकलेल्या गाड्या विमा कंपनीतर्फे तपासायला जातो. दिवसभर मोडतोड बघून आल्यावर घरी काहीतरी घडवावंसं वाटत असेल. त्यानं सहा माणसांचं जेवणाचं टेबल स्वतःच्या हातानं केलं आणि तेव्हापासून त्या घरात जेवणाला दुय्यम स्थान आलं. पाहुण्यानं आधी टेबलावरून हात फिरवायचा, 'अरे वा' म्हणायचं, मग साडूनं 'लाकूड बोलतं हो, आपल्याला ऐकू यायला हवं' असं म्हणायचं, आणि मगच ताटं वाढायची. टेबल एका कोपऱ्यात जरासं डुगडुगायचं. त्याला तो हातकामाची खूण म्हणायचा. कारखान्यातली टेबलं डुगडुगत नाहीत, कारण त्यांना जीव नसतो, असं त्याचं मत.

त्या दिवशी सासूबाईही होत्या. त्यांनी टेबलावरून तीनदा हात फिरवला. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली, पण माझ्या कुठल्याही वस्तूवरून सासूबाईंचा हात एकदाही फिरलेला नाही. त्यांनी थोरल्या जावयाकडे कौतुकानं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जेवा हो."

त्या 'जेवा हो'नं माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की असलं टेबल मी आठ दिवसांच्या रजेत करीन, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी आमच्याकडे त्याच टेबलावर जेवायला यायचं. साडू हसला. मेव्हणी हसली. बायको हसली नाही, मान खाली घालून जेवत राहिली. सोळा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, हे हसण्यापेक्षा वाईट.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "आईसमोर बोललात. आता कराच."

मी पाणीपुरवठा खात्यात नळजोडणीच्या अर्जांवर शेरे मारतो. रजेच्या अर्जात कारण म्हणून 'घरगुती बांधकाम' लिहिलं आणि लाकडाच्या वखारीत गेलो. वखारवाल्यानं लाकूड कुठलं हवं, फळी किती जाडीची हवी, असं बरंच विचारलं. मी प्रत्येक फळीवर बोटानं टकटक केलं, कान लावला आणि 'ही बरी आहे' म्हणालो. त्यानं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग फळ्या बांधून दिल्या आणि पावतीच्या मागे न विचारता एक फोन नंबर लिहिला. हा कुणाचा, असं मी विचारलं तर म्हणाला, असू द्या साहेब, लागतो.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी नऊला जाते, सहाला येते. म्हणजे घरात मी आणि माझे बाबा. बाबा जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांना कुठल्याही गोष्टीतली चूक आधी दिसते आणि गोष्ट नंतर. कामासाठी मी त्यांचीच खोली घेतली होती; ते खुर्ची ओढून तिच्या दारात बसले.

फळी कापायला खाली टेकू लागतो. जमिनीवर वाकून कापलं तर माझी कंबर धरते. म्हणून मी बाबांच्या पलंगावरची गादी काढली, फळी पलंगावर आडवी टाकली, गुडघ्यानं दाबली आणि करवत चालवायला लागलो. आधी अडखळली, मग लोण्यातून फिरावी तशी चालली. भुसा उडायला लागला. लाकूड खरंच बोलायला लागलं. मागून बाबा "अरे," असं काहीतरी म्हणाले. मी त्यांना सांगितलं की आत्ता मध्ये बोलू नका, लय जाते. फळीचे दोन तुकडे झाले, पण हाताला लय लागली होती, ती काही लगेच थांबेना. जरा वेळानं कड्‌कड्‌ असा आवाज झाला आणि बाबांचा पलंग उंट बसतो तसा बसला. आधी पुढून, मग मागून.

"तेच सांगत होतो," बाबा म्हणाले. "पण तू लय म्हणालास."

त्यानंतरच्या दोन दिवसांचं थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायला मलाच नको वाटतं. टेबलाचे चार पाय कापले, ते चार वेगवेगळ्या टेबलांचे निघाले. टेबलाचा वरचा भाग जमिनीवर पालथा घालून जोडत होतो, तेव्हा सरसाचं भांडं कलंडलं. सकाळपर्यंत तो भाग फरशीला असा चिकटला की आमच्या घरात एवढं पक्कं आजवर काहीच बसलेलं नाही. बायकोला मी काम पुरं होईपर्यंत खोलीत यायला बंदी केली होती. अर्धवट कलाकृती दाखवू नये, असं कारण दिलं. बाबा बाहेर जमिनीवर गादी टाकून झोपत होते, त्याबद्दल तिला सांगितलं की पलंग त्यांच्या पाठीला चांगला नव्हता. बाबांनी मान डोलावली. मुलाच्या अब्रूसाठी माणूस म्हातारपणी काय काय करतो.

चौथ्या दिवशी बायको लॅबला गेल्याबरोबर मी ती पावती शोधली आणि नंबर लावला.

तासाभरात मिस्त्री हजर. साठीचे, सडसडीत, डाव्या कानामागे पेन्सिल. मागच्या जिन्यानं यायचं हे मी सांगायच्या आधीच ते मागच्या जिन्यानं आले होते. त्यांनी फरशी पाहिली, पाय पाहिले, आणि मग पलंगापाशी बराच वेळ उभे राहिले.

"हा काप मात्र सरळ आलाय," ते म्हणाले.

मग पेन्सिल काढून त्यांनी मला विचारलं, "कितपत वाकडं ठेवू?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तेव्हा त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. टेबल घरी केलेलं वाटायला हवं ना, साहेब. अगदी सरळ केलं की घरचे ओळखतात. बहुतेक साहेब एक पाय आखूड ठेवायला सांगतात, कुणी एखादा सांधा उघडा ठेवायला सांगतं. वाकडं करायला वेळ जास्त लागतो, तेवढं आधीच सांगून ठेवतो.

मी दुखावलो. मला सरळच हवं, असं ठणकावून सांगितलं. मिस्त्रींनी नुसते माझे चार पाय उचलून भिंतीला ओळीनं उभे केले. जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसत होते.

"एक पाय," मी म्हणालो.

हे असे साहेब आहेत तरी किती, असं मी जरा वेळानं चाचपून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "नावं घेत नाही. डॉक्टर घेतात का?"

तीन दिवस ते येत होते. मी खुर्चीवर बसून पाहत होतो. मध्येच मदतीला उठलो की ते नम्रपणे पाणी मागायचे. मी पाणी आणेपर्यंत ते मला बिघडवता येण्यासारखं काम उरकून टाकायचे. संध्याकाळी जाण्याआधी ते मला हात पुढे करायला सांगायचे आणि माझ्या नखांत थोडं पॉलिश भरायचे, केसांवर चिमूटभर भुसा टाकायचे. बायकांचं लक्ष आधी नखांकडे जातं म्हणे. पहिल्याच संध्याकाळी बायकोनं माझी नखं पाहिली, आत गेली आणि न मागता चहा घेऊन आली. मला लाज वाटली. चहा मात्र पूर्ण प्यालो.

जाता जाता मिस्त्रींनी पलंगही जोडून दिला. बाबा त्यावर आडवे झाले, इकडून तिकडे वळून पाहिलं आणि म्हणाले, "दुसरी आवृत्ती चांगली निघाली." त्यापलीकडे त्यांनी या विषयावर तोंड उघडलं नाही.

रविवार उजाडला. मंडळी आली. टेबल पाहिल्यावर मेव्हणीचा चेहरा पडला, तेव्हाच माझे कष्ट सार्थकी लागले. म्हणजे मिस्त्रींचे. सासूबाईंनी टेबलावरून हात फिरवला. मी मोजलं, चारदा. बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, लग्नाच्या फोटोत राहिली होती तशी.

साडू मुद्दाम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. चूक काढायला आला होता, हे दिसतच होतं. त्यानं टेबलावर कोपर टेकवलं. टेबल डुगडुगलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू येता येता थांबलं. त्यानं पुन्हा कोपर टेकवलं, मग हळूच उचललं, मग पुन्हा टेकवलं. मग 'सांधे बघतो जरा' म्हणून टेबलाखाली गेला. बराच वेळ तिथेच होता. बाहेर आला तेव्हा तोंडाचा रंग उडाला होता. हात धुवायचे आहेत म्हणाला, म्हणून मी बेसिन दाखवायला बरोबर गेलो.

त्यानं मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मिस्त्री अजून पेन्सिल डाव्या कानामागेच लावतात का?"

मी नळ पूर्ण सोडला. "डाव्याच," मी म्हणालो.

आरशात आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. चोर चोर मावसभाऊ असं म्हणतात. माझ्या मते ते साडू असावेत.

बाहेर आल्यावर साडू जे बोलायला लागला ते थांबेना. याला म्हणतात हातकाम, असे सांधे मलाही जमले नाहीत, वगैरे. मीही मागे राहिलो नाही. पायवाट तुम्ही पाडलीत, मी नुसता मागून चाललो, असं म्हणालो. आम्ही एकमेकांना एवढं उचललं की समोरचं जेवण निवलं. आमच्या बायका आळीपाळीनं आमच्याकडे बघत होत्या. सोळा वर्षांत आमचं दोघांचं कशावरही एकमत झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

सासूबाई मात्र शांतपणे जेवत होत्या. घास संपवून म्हणाल्या, "मग दोघं मिळून माझं एक काम करा. स्वयंपाकघरात भांड्यांचं कपाट हवंय. पुढच्या रविवारी माझ्या घरी येऊन करा. मी समोर बसेन."

समोर बसेन, म्हणाल्या. साडूनं पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायला.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. कुणी बघत असताना ते दुसऱ्याच्या नावावर काम करत नाहीत, आणि त्या रविवारी त्यांना एका जुन्या ओळखीच्या घरी जायचं होतं. खरं सांगून मोकळं व्हावं, हाही विचार आमच्या मनात आला. पण आधी कुणी सांगायचं हे ठरेना, म्हणून दोघांनीही तो लगेच सोडून दिला. मग आठ दिवस ऑफिस सुटल्यावर साडूच्या गॅरेजमध्ये सराव केला. करवतीचे दात कुठल्या बाजूला हवेत, यावर आमचा पहिला दिवस गेला. शेवटच्या दिवशी एक खोकं तयार झालं. त्याचं झाकण कुठलं, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना.

ठरलेल्या रविवारी हत्यारांच्या पिशव्या घेऊन आम्ही सासूबाईंच्या दारात उभे राहिलो. त्यांनी लेकींना येऊ नका म्हणून सांगितलं होतं, त्या मध्ये मध्ये बोलतात म्हणून. मी साडूला म्हटलं, पोटात दुखतंय असं तुम्ही सांगा, तुम्ही मोठे आहात. तेवढ्यात दार उघडलं. सासूबाईंनी जिन्यात वर पाहिलं, खाली पाहिलं, आम्हाला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली.

आतल्या खोलीतून रंध्याचा आवाज येत होता.

मिस्त्री जमिनीवर बसले होते. कानामागे पेन्सिल. आम्हाला पाहून ते अर्धवट उठले आणि "या साहेब" म्हणाले. नेमकं कुठल्या साहेबाला, ते कळलं नाही.

आम्ही दोघं पिशव्या हातात धरून तसेच उभे. सासूबाई म्हणाल्या, बसा, चहा टाकलाय. समोरच्या बिऱ्हाडात त्यांनी सांगून ठेवलं होतं की आज माझे दोन्ही जावई येऊन मला कपाट करून देणार आहेत. समोरच्या बाईंचा जावई येतो, जेवतो आणि जातो.

तुम्हाला हे कधीपासून माहीत, असं साडूनं कसंबसं विचारलं. सासूबाईंनी बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या कपाटाकडे बोट दाखवलं. ते कपाट आमच्या दोघांच्याही लग्नाच्या वेळी आमच्या बायकांनी आम्हाला आवर्जून दाखवलं होतं. आमच्या वडलांनी केलंय, हात लावून बघा म्हणून.

"तुमच्या सासऱ्यांनी ते स्वतःच्या हातानं केलं," सासूबाई म्हणाल्या. मग मिस्त्रींकडे मान वळवली. "ह्यांच्या वडलांकडून."

मिस्त्री मान खाली घालून रंधा मारत राहिले.

मग सासूबाईंनी आम्हाला खिडकीपाशी बसवलं, समोर एक टाकाऊ फळी टाकली आणि मधूनमधून ठोकत राहायला सांगितलं. फार जोरात नको, आणि सारखं नको, कारण खरी माणसं मध्ये दमतात. आम्ही ठोकायला लागलो. साडूचे दोन ठोके, माझा एक, मग थोडी विश्रांती. चौथ्या की पाचव्या ठोक्याला हातोडी फळीऐवजी माझ्या अंगठ्यावर बसली. मी जो ओरडलो त्यानं समोरची खिडकी उघडली.

"काही नाही हो," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "धाकटे जावई काम करताहेत."

तो सूर मी सोळा वर्षांत पहिल्यांदा ऐकला. अंगठा ठणकत होता तरी डोळे भरून आले. ते अंगठ्यामुळेच, असं मी साडूला सांगितलं.

कपाट झकास झालं. माझं नख काळंनिळं पडलं. बायकोनं त्यावर पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं. नख अजून पूर्ण आलेलं नाही. तेव्हापासून घरी आलेला एखादा माणूस टेबलाकडे बघून विचारतोच की हे खरंच तुम्ही केलंत का. मला खोटं बोलणं जमत नाही. मी त्याला नुसता अंगठा दाखवतो.