बारावी खुंटी, अथवा बंधुमंडळाच्या राज्याची हकीकत

॥ श्री ॥ उंबऱ्यावरील देवतेस प्रथम नमन. तीस आतलेही दिसते आणि बाहेरलेही दिसते, म्हणोन ही हकीकत तिच्याच साक्षीने लिहिली. शके १८४७, क्रोधन नाम संवत्सरी, वैशाख शुद्ध तृतीयेस बंधुमंडळाचे राज्य स्थापन जाहले, ते येणेप्रमाणे. गावाचे नाव लिहीत नाही. लिहिल्यास दोन गावे भांडावयास उठतील, एक म्हणेल आमचे आणि दुसरे म्हणेल आमचे नव्हे. गाव लहान, रेल्वेचे ठाणे, मामलेदार कचेरी आणि कापसाच्या दोन वखारी, इतकाच पसारा. तेथे त्रिंबकराव टिपणीस वकील म्हणोन एक पुरुष बहुत उमेदीचे. ते एका कज्ज्याचे निमित्ते मुंबई बंदरी गेले आणि तेथे थोरल्या मंडळाचा दरबार दुरून पाहिला, की मोठमोठे शेटसावकार, डाक्तर आणि बालिस्टर बंद दाराआड बसतात, एकमेकांस भाई म्हणतात, आणि आत काय करितात ते घरच्या बायकोसही सांगत नाहीत. हे पाहोन त्रिंबकराव चकित जाहले आणि म्हणाले, "हे आपल्या गावी जाहलेच पाहिजे." मग परत येऊन मामलेदार, पोस्टमास्तर, वैद्यबुवा, फळांचे व्यापारी हसनभाई बागवान असे एकाहून एक सरदार मिळविले, ते आपणासुद्धा अकरा जाहले, आणि बंद पडलेली एक वखार झाडून सारवून राजवाडा केला, आणि दर पौर्णिमेस तिसऱ्या प्रहरी दरबार भरू लागला. लोकांनी त्या जागेस जादूघर म्हणावे आणि तिकडून जाताना पोरांस कडेवर घ्यावे, ऐसा दरारा पसरला.

राज्याचे कायदे मोजके, परंतु कडक. येणाराने दारावर तीन टकटका द्याव्या आणि परवलीचा शब्द सांगावा. तो शब्द अध्यक्षांनी, म्हणजे त्रिंबकरावांनी, एका पौर्णिमेस पुढल्या पौर्णिमेसाठी ठरवावा आणि कानोकान द्यावा. मग पगडी, फेटा, रुमाल, तुर्की टोपी, जे काय डोईस असेल ते दाराबाहेरील खुंट्यांवर ठेवून उघड्या डोईने आत जावे, कारण डोईवरून माणूस ओळखतो आणि आत तर सगळे भाई. भले भले गृहस्थ सुतक नसता उघडे बोडके बसतात हे कळताच घरोघरी सासवांनी कपाळास हात लाविला, परंतु सरदार डगमगले नाहीत. आणखी कायदा ऐसा, की दरबार चालू असता दार घटकाभरही बिनपहाऱ्याचे राहू नये. द्वारपाळ बाहेर उभा पाहिजे आणि त्याने थाप दिल्यावाचून आतून कडी कोणी काढू नये.

ही द्वारपाळी धोंडजी वाघमोडे यांस दिली, आणि राज्याची खरी हकीकत ती त्यांचीच होय. धोंडजी रेल्वेचे फाटकवाले, तीस वर्षे गावाबाहेरील फाटक राखोन नुकतेच निवृत्त जाहले होते. अंगाने काटक, मिशा पांढऱ्या, आणि नेमाचे ऐसे पक्के की प्रत्यक्ष सासऱ्याकडील वरात बैलगाडीतून आली असता आगगाडी येण्याची वेळ म्हणोन ती उन्हात उभी केली होती. त्यांस त्रिंबकरावांनी बोलाविले आणि उंबऱ्याबाहेर उभे करून दिव्यावर हात ठेवविला आणि भाईपणाची शपथ दिधली. तलवार द्यावयाची, ती गावात मिळेना, मग धोंडजींनी आपले लाल आणि हिरवे निशाण आणिले, तेच हत्यार ठरले. खुंट्याही त्यांनीच बाभळीच्या कोरिल्या आणि भिंतीत ठोकिल्या. सरदार अकरा होते आणि धोंडजींनी खुंट्या बारा ठोकिल्या. बारावी कोणाची, हे कोणी पुसले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

मग गावात धोंडजींचा मान बहुत वाढला. लोकांची खात्री, की जादूघरातील सारे गुपित याचे पोटात. चहाच्या दुकानी बाकावर जागा करून द्यावी आणि हळूच पुसावे, तो धोंडजी नुसते मिशीत हसत. वास्तविक त्यांस काहीच ठाऊक नव्हते; दार जाड सागवानी, आतला शब्द बाहेर येत नसे, आणि दरबारी ते एकदाही आत गेले नव्हते. हे एक त्यांची बायको गिरजाबाई, तिनेच ओळखिले होते. ती भाकरी थापता थापता म्हणे, "तीस वरसं गाड्या सोडल्या, येकदा तरी गाडीत बसला का? पास व्हता, पर रजा न्हवती. आता ह्यो दुसरा फाटक गावला तुमास्नी." हे बोलणे धोंडजींस फार लागले. मग एक दिवस धीर करून त्रिंबकरावांस म्हणाले, "सायेब, आमचं आत येनं कंदी व्हायचं?" त्रिंबकरावांनी पाठीवर हात ठेविला आणि म्हणाले, "धोंडजी, तुम्ही आत आलात तर दारावर कोण? कायदा मी केला म्हणून मलाच मोडता येत नाही." धोंडजींस कायदा पटला, आणि दुःख तैसेच राहिले.

पुढे शके १८४८, चैत्री पौर्णिमेस मोठा प्रसंग गुजरला. थोरल्या मंडळाचे मुखत्यार होरमसजीशेट स्वतः गाडीने येऊन दरबार पाहणार आणि सनद देणार, ऐसे पत्र आले. त्रिंबकरावांनी महिनाभर स्वागताचे भाषण पाठ केले, ते इतके की दुसरे काही डोक्यात उरले नाही. ते दिवशी दहा सरदार शब्द सांगोन, डोया उघड्या करून आत बसले, आणि त्रिंबकराव शेटजींस टांग्यातून घेऊन आले, आणि ऐटीने तीन टकटका दिधल्या. धोंडजींनी आडवे येऊन पुसले, "शब्द?" त्रिंबकरावांचे तोंडचे पाणी पळाले. म्हणाले, "कवठ." धोंडजी म्हणाले, "त्यो मागल्या पुनवंचा." आणि लाल निशाण उघडिले. मग वकिलांनी चिंच म्हटले, उंबर म्हटले, गावातील झाडे संपविली, शेवटी संतापोन बोलिले, "अहो, मी अध्यक्ष आहे! शब्द मीच दिला!"

"म्हनूनच इचारतो, सायेब. द्येनाऱ्यालाच ठावं नसंल तर आमी काय समजावं? मामलेदाराचा टांगा बी मी थांबिवलाय. फाटक लागलं म्हंजी लागलं."

आतून दहा सरदारांनी सारे ऐकिले, कारण त्रिंबकराव ओरडत होते. परंतु द्वारपाळाची थाप नाही म्हणोन कडी कोणी काढिली नाही, आणि शब्द ओरडून सांगावा तर शपथ मोडते. चैत्राचे ऊन, शेटजी जाड अंगाचे, डगला काळा. ते एका मोडक्या खोक्यावर बसोन वारा घेऊ लागले. धोंडजींनी त्यांस मडक्यातले पाणी दिधले, आदराने नमस्कार केला, आणि निशाण मात्र खाली केले नाही. आज मंडळ आपल्यापायी बुडते, ऐसे त्यांस वाटत होते, तरी ते उभे राहिले. दोन घटका ऐशा गेल्या. मग त्रिंबकराव हताश होऊन पायरीवर बसले आणि समोर पाहू लागले, तो समोरच्या लिंबावर वेल चढली होती. ते उडी मारोन उठले आणि म्हणाले, "गुळवेल!" धोंडजींनी लाल गुंडाळिले, हिरवे दाखविले आणि दारावर थाप दिधली. शेटजी पोट धरून हसले आणि बोलिले, "टिपनीस, तुमच्या मंडलामंदी पक्का भाई एकच हाय, आनि त्याला तुमी बाहेर ठेवला!" ऐसे बोलोन त्यांनी आत जाऊन सनद दिधली, तीत स्वहस्ते लिहिले की द्वारपाळ हा पुरा भाई मोजावा. सरदारांनी टाळ्या वाजविल्या, आणि टाळ्या वाजवून ते वाक्य विसरले.

पुढे राज्यास उतरती कळा लागली. मामलेदारांची बदली जाहली, पोस्टमास्तर भुसावळेस गेले, दोघांस सासवांनी आवरिले, आणि एकास नव्या क्लबातील कॅरमने जिंकिले. अकरांचे सहा राहिले. सनदेचे कलम ऐसे, की सात भाई एका दरबारी बसल्यास दरबार खरा. दसऱ्यापर्यंत सात न बसल्यास मंडळ मुळी जाहलेच नव्हते ऐसे समजावे आणि सगळ्यांची नावे थोरल्या मंडळाच्या वहीतून खोडावी. सात बसल्यास मात्र, पुढे चालविणे न जमले तरी, मंडळास आपले हाताने मानाने निरोप घेता येतो. दसऱ्याचे दिवशी तिसऱ्या प्रहरी सहा जण माना खाली घालोन बसले. त्रिंबकराव म्हणाले, "दीड वर्ष आपण येथे भाई म्हणून बसलो, आणि उद्या कागदावर ते घडलेच नाही." तेव्हा हसनभाई बागवान, जे एरवी फार बोलत नसत, ते म्हणाले, "वकीलसाहेब, सनद पुन्हा वाचा. सातवा भाई दाराबाहेर उभा आहे." त्रिंबकरावांनी सनद वाचिली आणि कपाळावर हात मारून घेतला. परंतु लगेच कायदा आठवला आणि बोलिले, "ते आत आले तर दार बिनपहाऱ्याचे राहते, आणि दरबार तेथेच बाद होतो." आणि मग त्रिंबकरावच उठले, अंगरखा काढून ठेविला, आणि म्हणाले, "दारच नसेल तर पहारा कशाचा?"

तेव्हा सहा सरदारांनी दारास खांदे लाविले आणि हुश्श हुश्श करून ते जड सागवानी दार बिजागऱ्यांवरून उचलिले. बाहेर धोंडजींनी पाहिले तो दार वर चढते आहे, त्यांनी सवयीने लाल निशाण उघडिले आणि ओरडले, "शब्द?" त्रिंबकराव घामाघूम, दाराखालून बोलिले, "विसरलो, धोंडजीभाई! आज तुम्हीच द्या!" दार भिंतीस टेकविले. पहिल्यांदाच सरदारांपैकी कोणी धोंडजींस भाई म्हणोन हाक मारिली होती, आणि समोर उंबरा उघडा पडला होता. मग धोंडजींनी लाल निशाण गुंडाळिले, हिरवे उघडिले, आणि ते दुसऱ्या कोणास न दाखविता स्वतःसच दाखविले. मग डोईचा फेटा उतरवून बाराव्या खुंटीवर ठेविला आणि उघड्या पांढऱ्या डोईने आत गेले.

आत काय होते, तर घरोघरून आणिलेल्या उंच-ठेंगण्या खुर्च्या, एक समई, आणि वैद्यबुवांचा सुंठगूळ. गुपित म्हणावे तर इतकेच, की पाळीपाळीने एकेकाने मनातील सल सांगावा, आणि बाकीच्यांनी हसू नये आणि बाहेर बोलू नये. धोंडजींची पाळी आली. ते म्हणाले, "तीस वरसं गाड्या सोडल्या. आत मानसं बसल्याली दिसायची, दिव्याच्या उजेडात, बोलत, हसत. वाटायचं, आपुन बी कंदीतरी आत बसून जावं." मग खुर्चीचे हात चाचपून म्हणाले, "आज बसलो." कोणी हसले नाही. त्रिंबकरावांनी डोळे पुसले आणि लपविले नाही. मग सातांच्या हातांनी समई मालविली, आणि मंडळ मोडले नाही, मिटविले.

घरी गिरजाबाईने पुसले, "काय व्हतं आत?" धोंडजी म्हणाले, "सांगता यायचं न्हाय. शपथ हाय." ती त्यांचेकडे पाहात राहिली आणि म्हणाली, "दर पुनवंला ह्येच म्हनता. पर आज तुमचं त्वांड येगळं दिसतंय." आणि तिने त्यांचे पानावर गूळ जास्त वाढिला.

येणेप्रमाणे राज्य एक वर्ष पाच महिने सात दिवस चालिले. मध्ये एक अधिक महिना आला तो वर. लढाई एक जाहली आणि ती द्वारपाळाने जिंकिली. सनद परत गेली, वहीत नावे बारा राहिली, खोडलेले एकही नाही. वखार अद्याप उभी आहे आणि खुंट्याही आहेत. दार मात्र पुन्हा बसविले नाही.