मेरीलँडचा तलाठी

सुरुवातीलाच माफी मागतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि पुस्तक म्हणाल तर भिंतीवरचं पंचांग. अशा घरातल्या मुलाने एखाद्या माणसावर लिहायला बसावं हे मलाच थोडं आगाऊपणाचं वाटतं. त्यात ज्यांच्यावर लिहितोय ते इनासकाका हे वाचतील तर पहिल्याच ओळीवर बोट ठेवून विचारतील, "पुरावो खंय?" तरी लिहितो. कारण दोन वर्षांत त्यांनी मला जेवढे धक्के दिले तेवढे विद्यापीठाच्या निकालांनीही दिले नाहीत, आणि शेवटचा धक्का मला एकट्याला पेलवत नाही.

पहिला धक्का पहिल्याच दिवशी बसला. मी वैभववाडीच्या बाजूचा. मालवणला कॉलेजात नाव घातलं आणि खोली शोधत इनासकाकांच्या दारात पोचलो. निवृत्त तलाठी, घरात एकटेच, मागची खोली भाड्याने देतात, एवढंच कळलं होतं. दारात पांढरा बनियन घातलेले, कानाला पेन्सिल लावलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, मासे खातोस का तेही विचारलं नाही.

"चतुःसीमा सांग."

"कसली, काका?"

"तुझ्या घराची रे. पूर्वेक काय?"

मी घाबरत सांगितलं, पूर्वेला ओहोळ, दक्षिणेला पायवाट, पश्चिमेला चुलत्यांची काजूची बाग, उत्तरेला देवाची राई.

"पश्चिमेक चुलतो," ते पेन्सिल काढत म्हणाले. "किती वर्षां बोलणा नाय?"

मी गार पडलो. सहा वर्षं बोलणं नव्हतं. ही गोष्ट आमच्या वाडीबाहेर कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

"माका कसा कळला म्हणतंस? छत्तीस वर्षां तलाठी होतंय. जमीन कधी खोटा बोलणा नाय, माणूस बोलता. खोली मागल्या बाजूक आसा. अंगणातल्या फणसाचे गरे व्हये तितके खा. मी खाणंय नाय."

एवढ्या लगडलेल्या फणसाचा एक गरासुद्धा हा माणूस का खात नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. फणस पिकले की ते सगळे शेजारच्या रोझीमावशीकडे पाठवायचे, आणि वास येऊ नये म्हणून खिडकी लावून घ्यायचे.

दुसरा धक्का महिन्याभराने. सकाळी कॉलेजला निघालो तर पुढल्या खोलीत काका डोकं धरून बसलेले. समोर क्रोशाचं कव्हर अर्धवट सरकवलेला संगणक. डोळे लाल.

"काय झालं काका?"

"थॉमास मेलो."

मी चपला काढल्या. काय बोलावं ते सुचेना, म्हणून धावत जाऊन रोझीमावशीला सांगितलं. या बाईंचं तोंड जेवढं तिखट, तेवढा हात सढळ. अर्ध्या तासात त्या थर्मासभर चहा आणि पेजेचा टोप घेऊन हजर. मयताच्या घरात चूल पेटवायची नाही म्हणून. मागोमाग वाडीतली चार माणसं आली, ओसरीवर बसली. कोणीतरी हळूच विचारलं, "थॉमास म्हणजे गोयचो काय?"

"मेरीलँडचो."

"ता खंय इला?"

"अमेरिकेत."

"अरे देवा! आणि मेलो कधी?"

"तीनशे वर्षां झाली असती."

ओसरीवरच्या एकाने पेजेच्या टोपावरचं झाकण परत लावलं. मग रोझीमावशी उठल्या.

"इनास, तीनशे वर्षांच्या मड्याक मी पेज घेऊन इलंय?"

"माका आज कळला," काका शांतपणे म्हणाले. "बातमी पोचता त्या दिवशीच माणूस मरता, रोझी. त्याच्या आदी तो आपल्यासाठी जितोच."

"मगे पेज तूच खा, आणि त्या थॉमासाकय घाल!" मावशी टोप तिथेच आपटून गेल्या. माणसं पांगली. जाताना एकाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा सगळा बेत माझाच. काकांनी मात्र पुढच्या रविवारी त्या थॉमसच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये खरोखरच मिसा, म्हणजे प्रार्थना, सांगितली. पाद्रीबाबांनी आडनाव विचारलं तेव्हा म्हणाले, "ओकाच्या झाडाकडचो थॉमास, असा वाचा."

मी इतिहासाचा विद्यार्थी. त्यामुळे पेज थंड झाल्यावर भीत भीत विचारलं, की काका, हा थॉमस आपला कोण?

तेव्हा त्यांनी संगणकावर एक कागद दाखवला. तीनशे वर्षांपूर्वीचं खरेदीखत, कोणीतरी फोटो काढून पाठवलेलं. अक्षरं गांडुळासारखी. मला एक शब्द लागेना, पण काका बोट फिरवत सरळ मालवणीत वाचू लागले: "खाडयेच्या तोंडाकडल्या पांढऱ्या ओकापासून दगडांच्या ढिगापर्यंत, थयसून पूर्वेक थॉमासाच्या कुंपणापर्यंत. बघलंस? आमचीच चतुःसीमा. झाडाचा नाव तेवढा बदाललेला."

मोडीतले दस्तऐवज आणि चर्चमधल्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. लिहिणाऱ्याचा हात कुठे अडखळतो हे त्यांना भाषेच्या आधी कळायचं.

जेकब नावाच्या माणसाची ती जमीन. त्याचा बाप कोण हे सापडत नव्हतं. पूर्वेचा शेजारी थॉमस. दोघांच्या हद्दीवरचा ओक जेकबने तोडला म्हणून थॉमस कोर्टात गेला, त्याचाही कागद होता. आणि त्या सकाळी काकांना थॉमसच्या दफनाची नोंद मिळाली होती.

"भांडान मेलो की मिटवून मेलो, ता कळूक व्हया माका," ते म्हणाले. "तेचसाठी रडाक इला."

मी म्हटलं, "पण हे जेकब, थॉमस तुम्हाला शोधायला सांगितले कोणी?"

त्यांनी कपाटातून एक फोटो काढला. जहाजावरच्या खलाश्याच्या कपड्यातला एक हसरा माणूस.

"माझो थोरलो भाव. कायतान."

त्या दिवशी मला सगळं कळलं, आणि तिसरा धक्का बसला. बाप गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. अंगणातला फणस नेमका हद्दीवर. कायतान म्हणाला, फणस बापाने माझ्या जन्माला लावलेला. तलाठी असलेल्या इनासने स्वतः साखळी धरून माप घेतलं आणि फणस आपल्या हद्दीत दोन हात आत आहे हे सिद्ध केलं.

"मापात चूक नाय हां," काका मला म्हणाले. "आजय येऊन कोणी मोजूचा. माप बरोबर आसा. पण भाव गेलो."

कायतान जहाजावर गेला आणि अमेरिकेत, मेरीलँडमधल्या बाल्टिमोर नावाच्या बंदरात उतरला, तो परत चढलाच नाही. तीन वर्षांनी त्याचं एक पत्र आलं. तेव्हा काकांचा राग ताजा होता. त्यांनी पत्र फोडलं नाही. पोस्टमनसमोर पाकिटावर लिहिलं, 'घेण्यास नकार', आणि परत पाठवलं. त्यानंतर पत्र आलं नाही. बत्तीस वर्षं.

"त्या पाकिटात काय होता ता कळल्याशिवाय मी मराक तयार नाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी ते धमकी दिल्यासारखं वाटलं.

निवृत्तीनंतर त्यांनी बाल्टिमोरच्या एका मंडळाला लिहिलं. हे लोक जुन्या घराण्यांच्या वंशावळी शोधतात. उत्तर आलं की आम्ही फक्त तीनशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्यांचं काम करतो, हल्लीच्या माणसांचं नाही. पण त्याच मंडळातल्या डोरथी नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी वेगळं पत्र पाठवलं. तुम्ही जमिनीचे कागद वाचणारे आहात म्हणता, तर माझा पूर्वज जेकब अडकलाय, एक खत बघाल का?

काकांनी उत्तरात लिहिलं: सावड.

आमच्याकडे भातलावणीला पैसे न देता एकमेकांच्या शेतात राबतात, आज तुम्ही माझ्याकडे, उद्या मी तुमच्याकडे, त्याला सावड म्हणतात. हे त्या बाईंना कळावं म्हणून काकांनी दोन पानं खर्ची घातली, चिखलणीसकट. मजकूर एवढाच: तू माझो भाव सोध, मी तुझो आजो सोधतंय. एका कागदाला एक दिवस. बाईंना ते पटलं. काका इथे एक खत वाचून पाठवायचे, की त्या ऐंशीव्या वर्षी काठी टेकत बाल्टिमोरच्या एखाद्या चर्चमध्ये जाऊन विचारून यायच्या. तीन वर्षं अशी सावड चालू होती. आणि आम्ही सगळे या माणसाला वेडा समजत होतो.

गेल्या महिन्यात मी परीक्षेचा अभ्यास करत होतो. पुढच्या खोलीतून आरोळी आली. मी धावलो. मला वाटलं, आता अमेरिकेतलं आणखी कोण गेलं.

"मिटला!" काका उभ्याने नाचत होते. "मिटला रे! हयसर बघ, जेकबाच्या पयल्या झिलाचो बाप्तिस्मो. पादरीन कोण? थॉमास!"

झील म्हणजे मुलगा, आणि पादरीन म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचा धर्मपिता होणारा माणूस.

"आता इचार कर. शेजाऱ्याक कोण पादरीन करता? शेजाऱ्यावांगडा हद्दीवरना भांडण आसता. आणि हेंचा तर कोर्टात गेलला. तरी तेकाच बोलावल्यान! म्हणजे शेजारी न्हय, भाव. सख्खो भाव. आणि पादरीन केल्यान म्हणजे भांडण मिटला. ह्येच्यापेक्षा मोठा तडजोडपत्र जगात नाय!"

थॉमसचा बाप कोण ते आधीच सापडलं होतं. तोच जेकबचा बाप. डोरथीबाईंचा अडलेला वंश एका ओळीत सुटला. काकांनी तो शोध पुराव्याला चार खतांच्या चतुःसीमा जोडून पाठवून दिला, आणि रोझीमावशीला जाऊन सांगून आले, की थॉमासाची पेज फुकट गेली नाय.

"तुझी डोकी गेली," मावशी म्हणाल्या.

आठ दिवसांनी, मंगळवारी, डोरथीबाईंचं उत्तर आलं. काकांनी ते उघडलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"तू वाच."

माझं इंग्रजी मराठी माध्यमातलं. दोनदा वाचलं, मग मोठ्याने सांगायला लागलो. बंदराजवळच्या एका लहान चर्चच्या वहीत बाईंना कायतान सापडला होता. जन्मगाव मालवण, भारत. पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा, बत्तीस वर्षांपूर्वीचा.

"झिलाचा नाव काय?" काकांनी विचारलं. नोंद तपासताना विचारतात तसं, कोरड्या आवाजात.

"पॉल."

"पावलू. आमच्या बापसाचा नाव. पयल्या नातवाक आज्याचा नाव. बरोबर. आमचोच तो. फुडे वाच."

पुढची ओळ मी वाचली आणि थांबलो.

"वाच रे."

"धर्मपिता," मी म्हणालो, "इनास. बाळाच्या वडलांचा भाऊ. गैरहजर. त्याच्या जागी चर्चचा घंटा वाजवणारा उभा राहिला. काका, इथे प्रॉक्सी लिहिलंय. आमच्या कॉलेजात एकाच्या जागी दुसरा हजेरी लावतो ना, तसं. म्हणजे तुम्ही तिथे नव्हता, पण नाव तुमचंच लागलं."

बाहेर रस्त्यावरून एसटी गेली तशी खिडकीची काच थरथरली. काकांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावली.

"पाकिटात ता होता," ते शेवटी म्हणाले. "पादरीन हो, म्हणून लिवललान. आणि मी नकार लिवलंय. तरी तेणा माझाच नाव घातल्यान."

मला पुढचं वाचायचं नव्हतं. पण त्यांनी हाताने खूण केली. कायतान पाच वर्षांपूर्वी गेला. मुलगा आहे, त्याच गावात. बाई त्याला भेटून आल्या. त्याने एकच विचारलं: माझा इंडियातला गॉडफादर अजून आहे का?

मी खाली बघत बसलो. आता हा माणूस रडेल आणि मला त्याला धरावं लागेल, आणि कसं धरतात ते मला माहीत नाही, असं काहीसं मनात चाललं होतं. पण काका उठले. खुंटीवरचा शर्ट घातला, वरचं बटणसुद्धा लावलं. अंगणात जाऊन फणस बोटाने टकटक वाजवून बघितले, एक पिकलेला काढला आणि खांद्यावर घेऊन रोझीमावशीच्या दारात गेले. मी मागोमाग.

"आता कोण मेलो?" मावशींनी दार उघडतानाच विचारलं.

"मराणाची बातमी उद्या सांगतंय. ती उद्याक ऱ्हवांदे." काकांनी फणस पायरीवर ठेवला. "आज हो काप. मीय खातंय. कायतानाक झील झालो, रोझी. माका पादरीन केल्यान."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी कोयतीला तेल लावत विचारलं, "कधी झालो?"

"आज," काका म्हणाले. "माका आज कळला."