माप मालक स्वतः घेतील

माझं शिवणकामाचं दुकान यशस्वी झालं आहे, हे मी कोणाविरुद्धही तक्रार नसताना नमूद करतो.

सुरुवातीला दुकानात मी, एक मशीन आणि एक स्टूल. त्या काळात मी दारावर पाटी लावली: ‘माप मालक स्वतः घेतील.’ दुसरं कोणी नव्हतंच, घेणार कोण! पण लोकांना पाटी भलतीच आवडली. गर्दी वाढली, कारागीर चाळीस झाले. त्यातले तिघं माप घेण्यात माझ्यापेक्षा तरबेज आहेत. पण त्यांनी टेप हातात घेतली, की गिऱ्हाईक अंग चोरून विचारतं, ‘मालक नाहीत का?’

मग आमचं यश पाहून बँकेने कर्ज दिलं आणि घर गहाण ठेवून घेतलं. कर्जामागोमाग मॅनेजर आला. त्याचा पगार माझ्या दुप्पट आहे, कारण तो सोडून जाऊ शकतो. त्याने टोकन पद्धत आणली. माणशी चार मिनिटं. मालकांना रजा हवी असल्यास पंधरा दिवस आधी अर्ज. माझ्या शर्टाची कॉलर पार विरली आहे, पण नवा शिवायचा तर माप घ्यायला मालक मोकळे नसतात.

गेल्या शुक्रवारी माझी लेक साडेपाचच्या गाडीने शिकायला निघाली होती. तीन वर्षांसाठी. ‘बाबा, स्टेशनवर येणार ना?’ असं ती आठवडाभर विचारत होती आणि मी आठवडाभर ‘येणार म्हणजे येणार’ असं छातीठोक सांगत होतो. अर्ज मात्र नामंजूर झाला. तिच्या जाण्याची तारीखच आठ दिवसांपूर्वी ठरली होती.

‘अरे, मी मालक आहे!’ मी ओरडलो.

‘म्हणूनच,’ मॅनेजर म्हणाला. ‘दुसऱ्या कोणाला सोडलं असतं.’

सव्वापाच वाजता टोकन त्र्याहत्तर आत आलं. मी मान वर न करता टेप लावली. ‘खांदा चौदा. कंबर तीस.’ मापं लिहिणाऱ्या बाईंनी लिहून घेतलं.

‘पूर्वी बत्तीस होती,’ टोकन म्हणालं.

वर पाहतो तर बायको!

‘अगं, तू? रांगेत?’

‘तुमचा फोन मॅनेजर उचलतो. दोन तास उभी आहे मी. आता ती टेप ठेवा आणि मुकाट्याने चला. दहा मिनिटांत पोचू. पोरगी स्टेशनवरून सारखे फोन करतेय हो.’

घरात बायको बारीक झाली आणि मला ते टेपने सांगावं! मी टेप ठेवली आणि टेबलाखाली चपला चाचपू लागलो. तेवढ्यात चार मिनिटं संपल्याची घंटा झाली.

‘काय चाललंय?’ पडद्यापलीकडून आवाज आला. ‘आम्ही काय इथे हवा खायला आलोय? या बाईंनाच एवढा वेळ? आणि मालक निघाले कुठे?’

‘आमचे मोठे मास्तर माप घेतील,’ मॅनेजर अदबीने म्हणाला.

‘छे, छे! मग पाटी कशाला लावलीत? आमचे पैसे परत द्या!’

‘बरोबर आहे!’ मागची सगळी रांग म्हणाली. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं आणि मी घराच्या हप्त्याकडे. टोकन टेबलावर ठेवून बायको एकटीच गेली.

आता लपवण्यात अर्थ नाही. टोकन चौऱ्याहत्तर तुम्हीच होतात. तुमचा राग लगेच निवळला. आपलं ऐकलं गेलं की माणूस फार प्रेमळ होतो. ‘शेवटी मालकांचा हात तो मालकांचा हात,’ असं म्हणत तुम्ही छाती फुगवून उभे राहिलात. बाहीचं माप खात्रीसाठी दोनदा घ्यायला लावलंत. मग वेळ जावा म्हणून अगदी आपुलकीने विचारलंत, ‘मुलंबाळं काय करतात तुमची?’

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच झाले होते.

‘हात वर करा,’ मी म्हणालो.