चढायचा जोर

गांगुर्डे काका तुमचं कसलंही ओझं तिसऱ्या मजल्यावरून खाली आणून देतील. वर मात्र कोथिंबिरीची जुडीसुद्धा नेणार नाहीत.

नाशिकरोडच्या या बिनलिफ्टच्या इमारतीत मी राहायला आलो, त्याच दिवशी हा अनुभव आला. टेम्पोतलं सामान वर नेता नेता माझा जीव मेटाकुटीला आलेला, आणि हा शेजारी हात मागे बांधून शिकवणी घेतोय.

"घाई नाय करायची. स्नायू जितका भरभर आखडतो, तितका त्याचा जोर कमी. कपाट हाय ते, सावकाश घ्या."

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काकांची सगळी नोकरी फिटर म्हणून गेली. "जोर गुणिले वेग म्हणजे पॉवर," असं सांगताना त्यातल्या 'पॉवर'वर त्यांची छाती जरा पुढे येते. "वय आधी वेग खातं, मग जोर."

मी वैतागून म्हटलं, "मग लावा की थोडी पॉवर!"

"चढायचं काम आपलं नाय," ते शांतपणे म्हणाले.

आधीच्या भाडेकरूनं टाकून दिलेलं जाडजूड टेबल मात्र त्यांनी एकट्यानं खाली उतरवलं. शिवाय कारणही ऐकवलं, की उतरताना स्नायू ताणला जात भार पेलतो, त्यात कष्ट कमी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी मनात म्हणून घेतलं.

काकूंना मी पाहिलं नव्हतं. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली आहे, एवढंच कानावर होतं.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी कामावरून परतलो, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काका कठडा धरून थांबलेले. पाठीशी चादरीनं बांधलेल्या काकू. रोज संध्याकाळी ते त्यांना खाली बायकांच्या बाकावर नेऊन बसवत आणि दिवेलागणीला परत वर आणत. स्नायूंची ती सगळी विद्या काकूंना व्यायाम द्यायला येणाऱ्या बाईंकडून शिकलेली. काकांच्या मांड्या थरथरत होत्या.

"उद्यापासून मी वरच बसंल," काकू अडखळत म्हणाल्या. "खिडकीतनं दिसतात की सगळ्या."

"दिसतात. बोलतात का?"

मग मला पाहून ते ओशाळले. "दिवसभर काय वर चढवत नाय, जोर हिच्यासाठी राखून ठेवतो. पण आताशा शेवटचा जिना पुरत नाय."

मी पिशवी खाली ठेवली आणि मागून काकूंना आधार दिला. एकेक पायरी घेत आम्ही वर पोचलो.

काकूंना खुर्चीत बसवून काका भिंतीला टेकून उभे राहिले. सोडलेल्या चादरीची घडी घालू लागले. शेवटी माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "उद्या या टायमाला घरी असता का हो तुम्ही?"